सपाटीवरचा ब्रेक

माढा तालुका सपाट. टेंभुर्णीपासून मोडनिंबकडं हायवे धरा, नाहीतर आतला कुर्डुवाडीचा रस्ता धरा, ब्रेकची परीक्षा घेईल असा उतार कुठं लागत नाही. त्यामुळं इथं जुन्या पिकअपचा ब्रेक दमला तरी महिनोन्‌महिने निभावतो. ड्रायव्हरचा पायच त्याला सरावतो. एकदा दाबून लागत नाही ना, मग दोनदा दाबायचं. हे इतकं अंगवळणी पडतं की गाडी माझ्याकडं येते ती भलत्याच कामाला, क्लचप्लेटीला किंवा मोडलेल्या पाट्याला. ती आत घेताना माझा पाय खाली जातो, तेव्हा कळतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “मिस्त्री, तेवढी हवा काढून द्या की.”

हवा काढणं कुठल्याही गॅरेजातल्या पोराला येतं. एकानं पेडलवर बसायचं, एकानं चाकाखाली घुसायचं. “मार, मार, मार... धर!” निपल सैल झालं की बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत उतरतं. निपल आवळायचं आणि “सोड” म्हणायचं. पण बंद पाइपात हवा आपोआप पैदा होत नाही. ती कुठून तरी शिरलेली असते, नाहीतर मुळात हवा नसतेच, दुखणं निराळंच असतं. नुसती हवा काढली की पेडल चार दिवस वर येतं, आणि ते चार दिवस मला जास्त धोक्याचे वाटतात. म्हणून निपलला पाना लावायच्या आधी मी सीटवर बसतो.

इंजिन बंद ठेवून पेडल बऱ्याचदा दाबायचं, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरायचा आणि इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली सरकतं, ते सरकायलाच हवं. काही मालक त्यालाच ‘ब्रेक बसला’ म्हणतात आणि चांगला बूस्टर बदलून येतात. आता खरी पारख. पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं, दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन कडक झालं, तर बहुधा मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय, ॲडजस्टमेंट हवी. वर आलं तरी सायकलच्या ट्यूबवर पाय दिल्यासारखं लवचिक लागलं, तर हवा, किंवा फुगणारा जुना होज. पाय स्थिर धरला असताना पेडल सावकाश खाली सरकत राहिलं, तर तेल वाट सोडून जातंय. बाहेर ओल नसेल तर मास्टर सिलेंडरमधली रबरं गेलीत, तेल पुढच्या बाजूचं मागं सटकतंय. आणि पेडल एकदम तळाला जाऊन तिथं कुठंतरी धरलं, तर दोनातली एक लाइन गेलेली असते.

ओल शोधणं हे मला या धंद्यातलं सगळ्यात आवडतं काम. मागचं चाक काढायचं, ड्रम उतरवायचा आणि व्हील सिलेंडरची धुळीची टोपी स्क्रूड्रायव्हरनं अलगद उचलायची. बरं असेल तर आत कोरडं. गेलेलं असेल तर तिथं दडून बसलेला थेंब ओघळतो. लायनरवरचं तेल कसलं, हाही प्रश्न असतो, कारण हाउसिंगच्या सीलमधूनही तेल येतं. बोटावर घेऊन पाण्यात बुडवायचं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल तवंग धरून वर राहतं आणि गंधकासारखं उग्र वास मारतं. चारही चाकं कोरडी आणि तरी टाकीतलं तेल कमी होत असेल, तर मास्टर सिलेंडरचे दोन नट काढून तो पुढं ओढून पाहावा. कधीकधी सगळं तेल गुपचूप बूस्टरच्या पोटात साठलेलं सापडतं.

रबरं बदलताना ती डिझेलनं धुणारे लोक अजून आहेत. रबर फुगतं, ब्रेक धरून बसतो आणि दोष किटच्या कंपनीला. ब्रेकच्या रबराला ब्रेकचंच तेल लावावं.

जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. रोजच्या वापरात पिस्टन सिलेंडरच्या पुढच्या भागात जातच नाही, तिथं गंज आणि खडबड जमलेली असते. पेडल तळाला आपटलं की रबराची कड त्यावरून घासते आणि चांगला चाललेला सिलेंडर संध्याकाळपर्यंत जातो. दुसरं, मागच्या हाउसिंगजवळ लोड बघणारा व्हॉल्व्ह असेल, तर चाकं लोंबकळत ठेवून हवा काढायची नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचं तेल आखडतो. हाउसिंगखाली घोडी लावून वजन ठेवावं. पुस्तकात हे सगळं असतं, पण पुस्तक गाडीबरोबर येत नाही.

आता तेलाचं. आमच्याकडून द्राक्षं-डाळिंबं घेऊन पिकअप वाशीला जातात. खंडाळ्याचा उतार त्यांना जाताना लागतो, तोही भरल्या गाडीनिशी. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात सारखा पाय ठेवला की ड्रम-डिस्क तापतात, सिलेंडरमधलं तेल उकळतं, त्याची वाफ होते. तेल दबत नाही, वाफ दबते. पेडल जमिनीला लागतं. गाडी बाजूला घेऊन थंड केली की वाफेचं पुन्हा तेल आणि पेडल जागेवर. मालक परत येऊन मला सांगतो, “इथं तर कडक लागतोय, बघा की!” वरवड्याच्या टोल नाक्यापर्यंत ट्रायल मारली तरी काही सापडणार नाही. अशा वेळी मी टाकीचं झाकण काढून दाखवतो. मधासारखं असायचं ते तेल चहासारखं काळपट झालेलं असतं. रंगावरून सगळं कळत नाही हे मला माहीत आहे, पण मालकाला पटवायला रंगच उपयोगी पडतो.

लिटरभर तेलात सगळी लाइन धुऊन निघते. उरलेलं तेल जपून ठेवा असं गिऱ्हाईक सांगतं. उघडा डबा फळीवर पाणीच पीत बसतो, म्हणून मी लहान डबे आणतो. ते महाग पडतात, त्यावरून घासाघीस होते आणि शेवटी दहा-वीस रुपये मीच सोडतो.