बांधीतला सारस

आम्ही दोघे भाऊ. एक शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, दुसरा नानांची धानाची शेती सांभाळतो. हिवाळ्यात दर रविवारी फजरची नमाज झाली की मुलांना घेऊन आम्ही साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावावर जातो. दुर्बीण एकच आहे, म्हणून नंबर लावावा लागतो. धाकट्याकडे वही असते. कोणते पाखरू किती दिसले, ते तो लिहितो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले, पुढे मालगुजारांनी राखले. धानाला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या या तलावांवर पाखरांनीही आपला हक्क सांगितला. नोव्हेंबरात धान कापणीला येते आणि पट्टकादंब हंस उतरतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते इथवर येतात. उघड्या चोचीचा करकोचा चिखलातल्या गोगलगायी वेचतो. बगळे नांगरामागे चालतात. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवरून असा चालतो की जणू पाणी नाहीच. त्याच्यात अंडी नर उबवतो, हे सांगितल्यावर मुली फार हसल्या.

वहीत एक रकाना मात्र नेहमी रिकामा राहतो. सारसचा. मुले विचारायची, “दिसतच नाही, तर रकाना कशाला?” आम्ही उत्तर टाळायचो.

१९८९ चा पावसाळा. रोवणी आटोपली होती. पाळीला लागून असलेल्या नानांच्या बांधीत सारसच्या जोडीने गवत-काड्यांचा ढीग रचून घरटे केले होते. उभा राहिला की माणसाएवढा उंच, राखाडी अंगाचा, लाल मानेचा पक्षी. उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यांत उंच हाच. घरट्यात दोन अंडी होती. नाना म्हणत, “दोन-तीन पावलांची जागा गेली तर गेली, तेवढे धान त्यांचे.”

एका दुपारी जोडी जरा लांब चरत होती. आम्ही चिखलातून गेलो आणि एक अंडे उचलून आणले. बेत साधा होता. कोंबडीखाली ठेवायचे आणि घरचा सारस पाळायचा.

संध्याकाळी तलावाकडून दोघांचा एकत्र आवाज सुरू झाला. सारसची हाक मैलभर जाते. ती थांबेना. नानीने खुराड्यात पाहिले आणि सगळे कळले. तिने मारले नाही. फक्त म्हणाली, “जाओ, अभी रख के आओ.” मग कंदील पेटवता पेटवता तिने एक गोष्ट सांगितली. एका प्रवासात काही सहाबींनी एका पाखराची पिले उचलली. आई वर पंख फडफडवत राहिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि पिले परत द्यायला सांगितली.

नानांबरोबर जाऊन आम्ही अंडे जागेवर ठेवले. पण सकाळी जोडी घरट्यावर नव्हती, दूर धुऱ्यावर उभी होती. त्या दिवशी ती बसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी कावळ्यांनी दोन्ही अंडी फोडली होती. पुढच्या वर्षी त्या बांधीत कोणी आले नाही. नानांनी यावर आम्हांला कधी एक शब्दही विचारला नाही. त्याचेच जास्त लागले.

आमच्या एका अंड्याने सारस संपला, असे नाही. उथळ पाण्यातले गवत गेले, तिथे बेशरम माजली. शेतात फवारणी आली. डोक्यावर विजेच्या तारा आल्या आणि एवढ्या मोठ्या पंखांना त्या दिसत नाहीत. आता महाराष्ट्रात सारस मुख्यतः शेजारच्या गोंदियातच उरला आहे. आपल्या जिल्ह्यात तर बोटांवर मोजण्याइतका. पण सगळ्यांच्या चुकीत आपलीही एक आहे, हे ज्याला माहीत असते त्याला आकड्यामागे लपता येत नाही.

शाळेत आम्ही दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतो. पहिला दिवस नवेगावबांधच्या पाखरांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालिम अलींच्या. सालिम अलींनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, म्हणून मामांना विचारले आणि मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथून भारतातला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. मुलांना ही गोष्ट सांगताना आम्हांला दरवेळी आमचे अंडे आठवते. चुकीनंतर माणूस काय करतो, ते महत्त्वाचे.

यंदा शेती करणाऱ्या भावाने पाळीजवळची ती बांधी फवारली नाही. मुस्लिमाने पेरलेल्यातून पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, हे नाना हदीसमधून सांगत. धान थोडे कमी झाले. सारस आला नाही. पण पावसाळ्यात शेजारच्या बोडीत शिंगाड्याच्या पानांवर कमळपक्ष्याने चार चकाकती अंडी घातली. धाकटा गुडघाभर पाण्यात उतरला आणि मागे वळून म्हणाला, “एकच हातात घेऊन बघू?”

“नको!” आम्ही दोघे एकदमच ओरडलो. तो दचकला. मग पाळीवर बसून, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आम्ही मुलांना सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. धाकट्याने विचारले, “नाना रागावले नव्हते?”

“नाही.”

त्याने वही उघडली. कमळपक्ष्याची नोंद केली. मग सारसच्या रकान्यात, कोणी न सांगता, नीट वळणदार शून्य काढले. आता दर रविवारी तो ते काढतो. रकाना ठेवायचा का, हे कोणी विचारत नाही.