पैसे देऊन येणारा पाहुणा

२०१९ च्या डिसेंबरातील एका संध्याकाळी आमच्या वसाहतीतील तीन गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या हातात एक अर्ज होता आणि त्याखाली एकोणीस सह्या होत्या. विसावी सही माझी हवी होती. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मी सही केली. अर्ज वाचला नव्हता, असे आज म्हणता आले असते तर मनाला थोडे बरे वाटले असते. परंतु मी तो वाचला होता. आयुष्यभर मुलांना भाषा शिकवलेल्या माणसाला न वाचता सही करण्याची सवय नसते.

अर्ज आमच्याच शेजारच्या वहिनींविरुद्ध होता. अमरावतीत बडनेरा रस्त्याच्या बाजूला पडलेल्या एका जुन्या ले-आऊटमध्ये आमची घरे भिंतीला भिंत लागून होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मुलगी लग्न होऊन नागपूरला. पेन्शन अर्धी झालेली आणि माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या. मेळघाटात जाणारी मुंबई-पुण्याची कुटुंबे सकाळच्या गाडीने अमरावतीला किंवा बडनेऱ्याला उतरतात. आंघोळ करावी, चार घास खावेत, थोडे पडावे आणि मग परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढावा, अशी त्यांची सोय कुठेतरी व्हावी लागते. वहिनींनी ती सोय केली. न्याहारीला उकडपेंडी, दही आणि चहा. राज्याची पर्यटनासाठी ‘निवास व न्याहारी’ नावाची योजना आहे. राहत्या घरातल्या खोल्या प्रवाशांना द्याव्यात, सकाळी त्यांना घरचे खाऊ घालावे, एवढीच तिची कल्पना. तीत रीतसर नाव नोंदवावे असे वहिनींच्या मनात होते. तेवढ्यात आमचा अर्ज गेला.

अर्जातल्या तक्रारी खोट्या होत्या असे नाही. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. उन्हाळ्यात बोअर आटतात आणि कूलरच्या टाकीत ओतायलाही पाणी पुरत नाही. अशा वेळी शेजारच्या घरी चार अनोळखी माणसे मनसोक्त आंघोळी करीत असल्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो, तेव्हा संताप येतो. एकदा पाहुण्यांची मोटार कुणाच्या फाटकासमोर रात्रभर उभी राहिली. रात्री अकराला कुणी भलत्याच घराची घंटा वाजवली. या गोष्टी घडल्या होत्या आणि त्या सांगण्याचा शेजाऱ्यांना अधिकार होता. पण अर्जातले चौथे कलम निराळे होते. ‘कोणत्याही जातिधर्माचे अनोळखी लोक वसाहतीत येऊ लागल्याने येथील वळण बिघडेल,’ अशा अर्थाचे ते वाक्य होते. त्या वाक्याखाली मी सही केली.

वाचकहो, ‘कोणत्याही जातिधर्माचे अनोळखी लोक’ म्हणजे कोण, हे मला ठाऊक होते. १९८३ साली नोकरीनिमित्त मी अमरावतीत आलो तेव्हा खोली शोधत आठ दिवस हिंडलो होतो. एका घरमालकांनी खोली दाखवली, भाडे ठरले, चहासुद्धा झाला. मग त्यांनी आडनाव विचारले. मी सांगितले. क्षणभर थांबून ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, ‘ही खोली पुतण्यासाठी ठेवली आहे, हे मी विसरलोच होतो.’ त्या न दिसलेल्या पुतण्याला मी पुढे कित्येक वर्षे विसरलो नाही. आणि छत्तीस वर्षांनी मी तोच पुतण्या दुसऱ्याच्या दारात उभा केला.

याहून खोलवरची गोष्ट आता सांगतो. आमच्या वसाहतीत ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

माझे बालपण अकोल्यात गेले. १९६६ साली वडील वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागल्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे एक पडवी, एवढेच आमचे भाड्याचे घर. दर्यापूर-अंजनगावकडची माणसे तेव्हा धावणाऱ्या ‘शकुंतले’ने मूर्तिजापूरला येत, तेथे मोठ्या गाडीत बसून अकोल्याला उतरत आणि आपला रोगी दवाखान्यात भरती करून रात्री रस्त्यावर निजत. आईने पडवीत तीन बाजा टाकल्या. रात्रीचा एक रुपया. सकाळचा चहा आणि भाकरी-चटणी त्यातच. ‘निवास व न्याहारी’ हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते, पण माझी शाळेची फी, वह्या आणि नाताळचा सदरा त्या रुपयांतून आला. माझे शिक्षण परक्या माणसांच्या झोपेवर झाले आहे.

गल्लीने तेव्हाही विरोध केला होता. विधवेच्या घरी परके पुरुष निजतात, हे बोलणे उघड नव्हते. उघड बोलणे नळाचे आणि सामाईक संडासाचे होते. आई एका रविवारी मिस्साहून आली, तशीच मला बरोबर घेऊन चारही बिऱ्हाडांत गेली आणि प्रत्येक घरी तिने एकच प्रश्न विचारला, ‘तुम्हाला त्रास कशाचा होतो?’ कुणी पाण्याचे सांगितले, कुणी विडीच्या धुराचे, कुणी रात्रीच्या बोलण्याचे. तिने ते सगळे ऐकून घेतले आणि नियम ठरवले. पाहुण्याने पाच वाजण्याच्या आत आंघोळ उरकायची. नऊला कंदील मालवायचा. प्यालेल्या माणसाला बाज मिळणार नाही. आणि प्रत्येकाचे नाव, गाव, दवाखान्यातल्या खाटेचा नंबर वहीत लिहायचा. ते लिहिण्याचे काम माझे होते.

तरीही एक शेजारी अढी धरून होते. एका रात्री पडवीतल्या एका माणसाची बायको दवाखान्यात गेली. तो परतला, बाजेच्या काठावर बसला आणि काहीच बोलेना. आई चहा ठेवायला उठली. तेवढ्यात तेच शेजारी कंदील घेऊन आले, त्याच्याजवळ बसले आणि पहाटेपर्यंत बसून राहिले. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. आईने त्यांचे मन वळवले नव्हते. त्यांना पाहुणा दिसला होता, एवढेच. आमच्या अमरावतीच्या वसाहतीत आम्हाला वहिनींचे पाहुणे कधी दिसलेच नाहीत. दिसल्या त्या त्यांच्या मोटारी.

आपल्या वऱ्हाडाला आतिथ्य शिकवण्याची गरज नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोल्यात मुक्कामाला येते तेव्हा शहर रस्त्यावर उतरते. वाटेवरची माणसे वारकऱ्याला पाणी देतात, जेवू घालतात. त्याचे आडनाव कुणी विचारीत नाही. ज्या गाडगेबाबांच्या नावाने अमरावतीचे विद्यापीठ आहे, ते १८७६ साली याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. स्वतःसाठी छप्पर न मागता त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरात ज्यांना कुणी उंबऱ्यात घेत नव्हते त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. निवाऱ्याचा प्रश्न हा शेवटी ‘कोणाला आत घ्यायचे’ याचा प्रश्न असतो, हे त्या निरक्षर माणसाला कळले होते. आमचा अर्ज त्यांच्या पुण्यतिथीच्या आठवड्यातच दिला गेला, हे मला नंतर लक्षात आले.

मग पैसे न देणाऱ्या पाहुण्याला आपण पुण्य समजतो आणि पैसे देणाऱ्याला संकट, असे का? मला वाटते, फुकट दिलेल्या आसऱ्यात देणारा मोठा राहतो. पैसे घेतले की तो मोठेपणा जातो आणि उरते ती गरज. शेजारच्या घराची गरज आपल्याला पाहवत नाही. वहिनींनी माडीवर भाचे-पुतणे उतरवले असते तर तेवढेच पाणी लागले असते, तेवढ्याच गाड्या उभ्या राहिल्या असत्या आणि अर्ज झाला नसता.

अर्जानंतर वहिनींनी पाटी काढली. भांडल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, सगळेच थांबले. २०२१ साली घर विकून त्या मुलीकडे नागपूरला गेल्या. घेणाऱ्याने ते पाडून तीन मजले चढवले आणि शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांचे खासगी वसतिगृह काढले. आज तेथे तीस मुले राहतात. मालक दुसऱ्या भागात राहतो. महिन्याला एकदा भाडे गोळा करायला येतो. चार पाहुण्यांना आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एका घरधनिणीला आम्ही नको म्हटले, आणि घरधनी नसलेली तीस मुले आमच्या वाट्याला आली. त्या पोरांचा दोष नाही. आपली गावे सोडून आलेली ती मुले तापाने फणफणली तरी कपाळावर हात ठेवायला त्या इमारतीत कुणी नाही.

हा प्रश्न केवळ आपला नाही. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून असा नियम कडकपणे लावला की तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमानाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनच घ्यावेत. बार्सिलोनाने तर २०२४ साली जाहीर केले की प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. तेथे प्रवाशांमुळे रहिवाशांनाच भाडे परवडेनासे झाले आहे; त्यांचे दुखणे आपल्यापेक्षा मोठे आहे. आपल्या केंद्र सरकारच्या अशाच योजनेतही खोल्या सहापेक्षा जास्त नसाव्यात आणि मालकाचे कुटुंब त्या घरात राहत असावे, अशी अट आहे. म्हणजे पैसे घेतले की नाही, हा खरा प्रश्न नव्हेच. त्या छपराखाली उत्तर देणारे कुणी राहते की नाही, हा आहे. माझ्या आईला तो कायद्याशिवाय कळला होता.

या वर्षी वसाहतीच्या बैठकीत वसतिगृहाविरुद्ध नवा अर्ज पुढे आला. त्यातही ते जुने कलम जसेच्या तसे उतरवलेले होते. मी उभा राहिलो. २०१९ च्या अर्जावर माझी सही होती आणि ती करायला नको होती, हे आधी सांगितले. मग आईच्या पडवीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मी सुचवले की हे वाक्य काढावे, आणि त्याऐवजी मागावे ते असे : इमारतीत एक जबाबदार कुटुंब राहावे, पाण्याची टाकी वेगळी असावी, मुलांची नावे-गावे नोंदलेली असावीत. बरीच वादावादी झाली. तिन्ही मागण्या मान्य झाल्या. ते वाक्य मात्र अवघ्या दोन मतांनी वगळले गेले.

त्या रात्री मी नागपूरला वहिनींना फोन केला. काय बोलावे हे ठरवून ठेवले होते, पण मध्येच अडखळलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘भाऊ, तुमची सही म्या तेव्हाच पायली होती. सगळ्यात खाली होती.’

मी गप्प राहिलो. मग त्यांनीच विचारले, ‘नळ येते का आता रोज?’

‘नाही, दिवसाआडच,’ मी म्हणालो.