पोस्टकार्डाएवढे फोटो

स्टुडिओत बसवून काढलेल्या फोटोंना मी कायम नाकं मुरडली. मागे रंगवलेला महाल, शेजारी स्टुलावर प्लास्टिकची फुलं, निगेटिव्हवर टचिंग करून गुळगुळीत केलेला चेहरा. सगळा खोटेपणा, असं माझं ठाम मत. वाद रंगला की मी हमखास माइक डिसफार्मरचं नाव पुढे करायचो.

अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यातल्या हेबर स्प्रिंग्स या लहानशा गावचा हा फोटोग्राफर. वावटळीने आपल्याला उचलून भलत्याच घरात आणून टाकलं, आपण या शेतकऱ्यांतले नव्हेच, असं सांगायचा. १९३९मध्ये त्याने आडनावही कायद्याने बदलून ‘शेतकरी नव्हे’ अशा अर्थाचं डिसफार्मर करून घेतलं. गावाने त्याला विक्षिप्तच मानलं, पण फोटोला सगळे त्याच्याकडेच. मागे साधा पडदा, उत्तरेचा उजेड, समोर शेतकरी, सैनिक, बहिणी-बहिणी. बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू नाही. तो १९५९मध्ये वारला. गावातल्या एकाने स्टुडिओतलं सामान पाच डॉलरला उचललं, म्हणून तीनेक हजार काचेच्या निगेटिव्ह वाचल्या. १९७६मध्ये पुस्तक निघालं आणि तो कलावंत ठरला. माझ्या लेखीही.

मत हललं ते त्याच्या मूळ प्रिंटांमुळे. पुस्तकातले, प्रदर्शनांतले मोठे फोटो निगेटिव्हवरून मागाहून काढलेले. त्याने स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले ते पोस्टकार्डाएवढे. कितीतरी वर्षांनी संग्राहकांनी गावातल्या घराघरांतून, कौटुंबिक अल्बमांतून ते विकत घेतले. म्हणजे मी ज्याला कला म्हणून डोक्यावर घेतलं, ते मुळात युद्धावर निघालेल्या पोराच्या आईसाठी केलेलं काम होतं. स्वस्त, चोख, रोजचं.

मग आपल्या तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला वेगळं काय करत होता? त्याने काढलेला मुलीचा फोटो स्थळांकडे जायचा. आजोबांचा एकुलता एक फोटो पुढे हार घालून भिंतीवर लागायचा. गालावरचे देवीचे व्रण दिसू नयेत म्हणून तो निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवत बसे. ती पेन्सिल मुलीच्या बापाला हवी होती. ती नको होती फक्त मला, आणि मी काही त्याचं गिऱ्हाईक नव्हतो.

सगळंच पचलंय असं नाही. जन्मात कोट न घातलेल्या शेतकऱ्याला मेल्यावर एनलार्जमेंटमध्ये रंगवलेला कोट-टाय अजून खटकतो. पण तो बहुधा मुलांनीच सांगून चढवलेला असतो. तेव्हा माझं भांडण असलंच, तर त्या मुलांशी.