बिनलोडचं व्होल्टेज

वीज खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला १२ व्होल्ट काय शिकवणार, असा माझा समज होता. ३३ केव्हीची उपकेंद्रं सांभाळली होती, वादळात आडव्या झालेल्या लाइनी रातोरात उभ्या करून घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत स्लॉट कारचा ट्रॅक मांडायला घेतला, तेव्हा मला काळजी होती ती सुतारकामाची. सुतारकाम पहिल्या फटक्यात जमलं. चुकलं ते सगळं वायरिंगमध्ये, म्हणजे जिथे मला विचारायला लोक येत असत तिथे.

खेळ साधा आहे. ट्रॅकवर प्रत्येक लेनला एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची एकेक पट्टी. गाडीच्या पोटाखाली तांब्याच्या विणलेल्या जाळीचे दोन ब्रश असतात. ते पट्ट्यांवर घासतात आणि आतल्या इवल्याशा मोटरला वीज मिळते. हातात घोडा असलेला कंट्रोलर. घोडा जितका दाबाल तितका वाटेतला रेझिस्टन्स कमी होतो आणि गाडी तितकी जोरात पळते. स्टिअरिंग नाही. वळणावर घोडा सोडला नाही, तर गाडी खाचेतून उडते. ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली 'स्केलेक्स्ट्रिक' या नावानं हा खेळ बाजारात आणला. धाकट्या भावानं तिकडच्या नोकरीच्या काळात त्याचा एक जुना सेट घेतला होता. परत येताना गाड्या आणि कंट्रोलर आले, पॉवर सप्लाय तिकडेच राहिला. म्हटलं, बरं झालं. आपण आपला करू.

पुण्यात अशा सामानासाठी तपकीर गल्ली. तिथून १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि एक जाडजूड कपॅसिटर घेतला. हिशेब तोंडी केला होता: गाडीला १२ व्होल्ट लागतात, धावताना एक गाडी अर्धा अँपिअर घेते, गाड्या दोन, म्हणजे एक अँपिअर. दुकानदारानं विचारलं, "साहेब, थोडा मोठा देऊ का?" मी त्याच्याकडे जरा वरूनच पाहिलं.

त्या एका ओळीच्या हिशेबात तीन चुका होत्या. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट एसीचे असतात, तेही पूर्ण लोडवरचे. रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावला की डीसी त्या एसीच्या शिखराजवळ जातो, आणि लोड नसताना मला १७ व्होल्टच्या वर मिळत होते. दुसरं, कपॅसिटर लावल्यावर १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी बाजूला सुखानं मिळतो तो सुमारे ०.६ अँपिअर. तिसरं, अर्धा अँपिअर हा सरळ धावणाऱ्या गाडीचा. जागेवरून सुटणारी मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. मोटरचा स्टार्टिंग करंट मी कारखानदारांना समजावून सांगत आलो होतो.

परिणाम असा, की दोन गाड्या धावत असताना ट्रॅकवर ११-१२ व्होल्ट असत. त्यातली एक उडाली की तिचा लोड जाई आणि उरलेल्या गाडीला क्षणात काही व्होल्ट जास्त मिळत. मग तीही पुढच्या वळणावर उडे.

माझ्यासमोर खेळायला भावाची मुलगी असे, तेव्हा चौथीत होती. ती म्हणे, "काका, तू पडलास ना, की माझी गाडी वेडी होते." मी म्हणे, "गाडी नाही वेडी होत. तुझ्या बोटाला ताबा नाही." तिनं बिघाडाचं नेमकं लक्षण सांगितलं होतं. कुठल्याही लाइनमननं असं सांगितलं असतं, तर मी मीटर घेऊन धावलो असतो. पण दहा वर्षांच्या मुलीच्या निरीक्षणाला मी सबब समजलो, आणि तिला घोडा हलका कसा दाबावा याचे धडे देत बसलो. ती मुकाट्यानं ऐकायची आणि पुढच्या वेळी मी पडलो की पुन्हा पडायची.

एकदा सहज मल्टिमीटर पट्ट्यांना लावून ठेवला होता, तेव्हा आकडा उडी मारताना दिसला. मी रेग्युलेटर लावायचं ठरवलं. तिला मात्र काही सांगितलं नाही.

या खेपेला मोठा ट्रान्सफॉर्मर आणला, १५ व्होल्ट ३ अँपिअरचा, आणि दोन लेनसाठी दोन एलएम३१७. हा तीन पायांचा स्वस्त रेग्युलेटर दीड अँपिअरपर्यंत देतो आणि एक नॉब लावला की व्होल्टेज हवं तसं ठेवता येतं. दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर शेजारी शेजारी कसले. दिसायला इतकं नेटकं झालं, की मी त्याचा फोटो काढला.

आता कबूल करायला हरकत नाही: वेगळा नॉब ठेवण्यामागे एक हेतू होता. मुलगी भराभर सुधारत होती. एका शर्यतीआधी मी तिच्या लेनचं व्होल्टेज हळूच दोन व्होल्टनं उतरवलं. काहीच फरक पडला नाही. आणखी उतरवलं, तरी तिची गाडी पहिल्यासारखीच पळाली आणि मी हरलो. मग थोड्या वेळानं दोन्ही गाड्या एकदम मरगळल्या, मिनिटभरानं पुन्हा पळू लागल्या.

कारण हीटसिंकमध्ये होतं. एलएम३१७च्या पाठीचा धातूचा पत्रा आतून त्याच्या आउटपुटला जोडलेला असतो. हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती घालायची असते आणि स्क्रूलाही इन्सुलेशनचं टोपण लागतं. ते मी घातलं नव्हतं. त्यामुळे दोन्ही लेनचे आउटपुट हीटसिंकमधून एकच झाले होते. ज्याचं व्होल्टेज जास्त, तो रेग्युलेटर दोन्ही गाड्या ओढत होता. १९-२० व्होल्टचे १२ करताना दर अँपिअरमागे ७-८ वॅट उष्णता होते. ती त्या छोट्या हीटसिंकला झेपत नव्हती. एक तापून बंद पडे, मग कमी व्होल्टेजवरचा दुसरा कामाला लागे. लबाडी पकडली गेली ती अशी, आणि पकडणाराही मीच होतो. त्या दिवशी अभ्रकाच्या दोन चकत्या आणून बसवल्या असत्या आणि हीटसिंक मोठा घेतला असता, तर पुढचं टळलं असतं.

पण मला चीड आली होती. घरात इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी होती. शुद्ध डीसी, दोन गाड्यांनी तिचं व्होल्टेज केसभरही ढळणार नाही. ती तात्पुरती सोडवली, चिमट्याच्या दोन वायर लावल्या आणि थेट ट्रॅकला जोडल्या. फ्यूज नाही. तात्पुरतंच तर होतं.

इथे एक सांगायला हवं. गावोगावच्या डीपीवर कटआउटमध्ये फ्यूजच्या जागी जाड तार पिळलेली मी नोकरीभर पाहिली. त्यावरून मी किती लोकांना झापलं, किती मेमो लिहिले. "तात्पुरती बांधलीय साहेब" हे उत्तर मला पाठ होतं. ते मी कधीच ऐकून घेतलं नाही.

गाड्या त्या दिवशी सुंदर पळाल्या. मी पट्टी चिकटवून झाल्यावर स्क्रूड्रायव्हर दोन लेनच्या मधे तसाच ठेवला होता. मुलीची गाडी वळणावर घसरली, तिची शेपटी स्क्रूड्रायव्हरला लागली आणि तो तिच्या लेनच्या दोन्ही पट्ट्यांवर आडवा झाला. गाडी थांबली. गाडी थांबल्यावर कुठलंही मूल जे करेल तेच तिनं केलं: घोडा आणखी घट्ट दाबला. घोडा पूर्ण दाबला की कंट्रोलरमधला रेझिस्टन्स वाटेतून निघून जातो. नंतर हिशेब केला, तर त्या बारीक वायरमधून पंधरा-वीस अँपिअर तरी गेले असावेत. बॅटरीच्या दृष्टीनं ते काहीच नव्हतं. ती शेकडो अँपिअर देऊ शकते.

आधी वास आला. मग वायरचं प्लॅस्टिक मऊ होऊन ओघळायला लागलं. तांब्याची पट्टी प्लायवरून सुटून वर उचलली गेली. मुलगी ओरडली आणि तिनं कंट्रोलर टाकला, पण घोडा वितळून आतच अडकला होता, त्यामुळे करंट सुरूच राहिला. मी बॅटरीचा चिमटा हिसकला आणि टर्मिनलवर मोठी ठिणगी उडाली. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, टर्मिनलजवळ ठिणगी पाडायची नाही, हे मी प्रशिक्षणात शिकवत असे. काही झालं नाही. त्याचं श्रेय मला नाही.

तिच्या तळहाताला, बोटाच्या मुळाशी, फोड आला. बर्फ, मलम, रडणं झालं. भावजय मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्यानंतर मुलीचा अभ्यास वाढला, तिला चित्रकलेचा वर्ग लागला आणि ती वर यायची बंद झाली. बायकोनं मात्र एकच विचारलं: "ऑफिसात असं कुणी केलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?" मी सस्पेंड केलं असतं. तसं सांगितलंही. त्यावर ती म्हणाली, "मग व्हा."

त्या सक्तीच्या रजेत मी पहिल्यांदा नीट विचार केला. सप्लाय निवडताना मी दर वेळी गाड्या व्यवस्थित धावत असल्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं होतं. गाड्या धावत असताना कुठलाही सप्लाय चालतो. त्याची परीक्षा असते ती गाडी सुटताना, पडताना आणि पट्ट्यांवर काही आडवं आल्यावर.

एक कोडं अजून सुटलं नव्हतं. लांबच्या वळणावर गाड्या नेहमी मंदावत. ट्रॅकभर मल्टिमीटर फिरवला, तर सगळीकडे सारखेच १२ व्होल्ट. मी टायरांना दोष देत होतो. मग आठवण झाली ती एका शेतकऱ्याची. त्याचा पंप लाइनच्या पार शेवटी होता आणि व्होल्टेज पडतं अशी तक्रार तो सारखी करी. मी एकदा दुपारी, फीडरवर कुणाचाच पंप चालू नसताना, जाऊन मोजून आलो आणि 'व्होल्टेज योग्य' असा शेरा मारला. तो म्हणाला होता, "साहेब, रात्री या, सगळ्यांचे पंप चालू असताना." मी गेलो नाही. शेरा मात्र कायम राहिला.

स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घेतला आणि तो लांबच्या वळणावर पट्ट्यांना जोडून मग मोजलं. पावणेदोन अँपिअरच्या लोडवर तिथे सप्लायपेक्षा जवळजवळ दोन व्होल्ट कमी भरले. हिशेबही जुळला. पाच मिलिमीटर रुंद, कागदासारख्या पातळ तांब्याच्या पट्टीला मीटरमागे ०.१ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. दहा मीटरच्या वर्तुळाला एकाच ठिकाणी वीज दिली, तर समोरच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन अर्धा ओहम होतो. बाकीची तूट पट्टीच्या सांध्यांतली, कारण ते मी डाग न देता नुसते एकमेकांवर चिकटवले होते.

औषध मला तोंडपाठ होतं: सांध्यांना डाग दिले, ट्रॅकखालून दीड चौरस मिलिमीटरची जाड वायर फिरवली आणि चार ठिकाणी फीडर वर काढले. सप्लाय म्हणून एलईडी पाट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस आणला. त्याच्या २३० व्होल्टच्या टर्मिनलवर झाकण बसवलं आणि अर्थिंग केलं. दहा अँपिअरही बारीक वायर जाळायला पुरतात, म्हणून प्रत्येक लेनला स्वतंत्र ३ अँपिअरचा फ्यूज टाकला. चालू केलं आणि एक फ्यूज उडाला. एका फीडरच्या दोन वायर उलट जोडल्या होत्या. ना वास, ना धूर. पाच मिनिटांत वायर बदलून नवा फ्यूज घातला. चूक इतकी स्वस्तात सुटायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

मग भावाकडे गेलो. मुलीला सगळं सांगितलं: उडी मारणारं व्होल्टेज, तिच्या बोटाचा काढलेला दोष, नॉब उतरवल्याचंसुद्धा. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. मुलीनं शांतपणे विचारलं, "म्हणजे मी ज्या हरले त्या शर्यती धरायच्याच नाहीत ना?"

नाही धरायच्या, म्हटलं. पुन्हा घेऊ. भावजय स्वतः वर आली, फ्यूज कुठे आहेत ते विचारून घेतलं आणि खुर्ची टाकून बसली. शर्यती झाल्या. मी जवळजवळ सगळ्या हरलो. मल्टिमीटर लोडवर लावलेला होता आणि आकडा जराही हलत नव्हता, त्यामुळे दोष द्यायला माझं बोटच तेवढं उरलं होतं.