जुन्या 800 ला बाजारातला कार्बोरेटर आणि रेसची केबल



आजची नोंद बागेची नाही, गाडीची आहे. पण माल स्वतःच्या गाडीनं बाजाराला नेणाऱ्या सगळ्यांच्या कामाची आहे.

आमच्याकडं 1996 ची मारुती 800 आहे. तीन सिलिंडर, 796 सीसी, कार्बोरेटरवालं इंजिन. मागची सीट काढून ठेवलीय. सीझनला मुलगा पहाटे अंजीर भरून एकटाच दिवे घाट उतरून पुण्याला जातो. अंजीर थांबत नाही, म्हणून गाडीनंही थांबून चालत नाही.

मूळ कार्बोरेटरचा शाफ्ट झिजला. झिजलेल्या जागेतून हवा आत जायला लागली आणि गाडी स्लोवर टिकेना. कंपनीचा मिळाला नाही, म्हणून बाजारातला दुसऱ्या मेकचा आणला. बोल्टाची भोकं जुळली, पेट्रोलची नळी बसली. पण रेसच्या केबलचं लिव्हर जुन्यासारखं नव्हतं. गॅरेजवाल्यानं केबलचं टोक बाइंडिंग वायरनं लिव्हरला बांधून गाडी हातात दिली.

दोन दिवसांत मुलगा म्हणाला, "आप्पा, घाट चढताना गाडी दम खाते, आणि पाय काढला तरी कधीकधी रेस लगेच खाली येत नाही." गॅरेजवाला म्हणाला, जेट बदलावं लागंल. जेटला हात लावण्याआधी मी अंगणात बॉनेट उघडून नीट बघितलं. दोन्ही दुखणी केबलच्या जोडणीतच निघाली.

आधी ओढ बघा. इंजिन बंद ठेवायचं, एअर फिल्टरचं झाकण काढायचं. एकानं पायडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्यानं कार्बोरेटरच्या घशात बॅटरी मारून बघायचं. बटरफ्लायची पाकळी पूर्ण उभी झाली पाहिजे. आमची पाऊणच उघडत होती. दोन घशांचा कार्बोरेटर असेल तर केबल पहिल्या घशाच्याच लिव्हरला जोडायची. दुसरा घसा नंतर आपोआप उघडतो.

पाऊणच का उघडते, त्याचा हिशोब सोपा आहे. पाकळी बंदपासून पूर्ण उघडी व्हायला शाफ्ट साधारण पाव फेरा फिरतो. केबल ज्या गोल लिव्हरवर गुंडाळते, त्याची त्रिज्या 20 मिमी असेल तर पाव फेऱ्याला केबल सुमारे 31 मिमी ओढावी लागते. त्रिज्या 30 मिमी असेल तर सुमारे 47 मिमी लागते. पायडल मात्र ठरलेलीच ओढ देतं. ते 35 मिमी ओढत असेल आणि लिव्हरला 47 लागत असेल, तर गाडी पाऊण रेसवरच चालणार. मग जेट कितीही बदला. म्हणून नवा कार्बोरेटर घेतानाच जुना शेजारी धरून लिव्हर मापायचं. लिव्हरला दोन-तीन भोकं असतील तर शाफ्टच्या जवळचं भोक कमी ओढीत जास्त उघडतं. पण फार जवळचं घेतलं तर पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळते. पायडलच्या ओढीला जुळणारंच भोक घ्यायचं.

आता सोडणं. माझ्या मते हे ओढण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. पाऊण रेसनं गाडी घाट सावकाश चढंल. पण उतरताना रेस अडकली तर काय होईल ते सांगायला नको.

बाइंडिंग वायरची गाठ लिव्हरबरोबर फिरत नाही. तिथं केबल प्रत्येक वेळी वाकते, एकेक तार तुटत जाते आणि तुटलेली तार कव्हरच्या तोंडात अडकते. आमची तशीच अडकत होती. केबलच बदलली. टोकाला स्क्रूनं आवळायचं निप्पल मिळतं, ते लावलं. निप्पल लिव्हरच्या भोकात मोकळं फिरलं पाहिजे.

केबलचं कव्हर ज्या पट्टीवर अडकतं ती पट्टी इंजिनावर किंवा कार्बोरेटरवरच हवी, बॉडीवर नको. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. पट्टी बॉडीवर असली तर इंजिन हललं की केबल आपोआप ओढली जाते. केबल पट्टीतून लिव्हरकडं सरळ रेषेत गेली पाहिजे, तिरकी नको. पट्टीच्या दोन्ही बाजूंना नट असतात. ते फिरवून पाय वर असताना थोडी ढील ठेवायची. बैलाचा कासरा सदा ताणलेला ठेवत नाही, तसंच. ढील नसली तर पाकळी पूर्ण मिटत नाही आणि स्लोचा स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही.

उलट बाजूलाही बघा. पायडल तळाला टेकल्यावर जोर फरशीवर किंवा पायडलच्या स्टॉपरवर यावा, केबलवर नाही. नाहीतर दर वेळी दाबलं की केबल ताणत जाते.

स्प्रिंग कार्बोरेटरच्या लिव्हरवरच हवी. फक्त पायडलला असून चालत नाही, कारण केबल तुटली तर पायडलची स्प्रिंग पाकळी मिटवू शकत नाही. आम्ही लिव्हरला दुसरी जादा स्प्रिंग लावलीय. एक तुटली तरी दुसरी आहे.

आणखी एक. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का ते तपासा. ती सुटली असली तर सेल्फ मारताना करंट रेसच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि नवी केबलही जाम होते. आतून नायलॉन असलेल्या केबलीत ग्रीस भरू नका, धूळ धरून ती जड होते.

शेवटी इंजिन चालू करून बॉनेटजवळूनच हातानं लिव्हर ओढून पटकन सोडायचं. दहा वेळा. दहाही वेळा टक्‌ असा आवाज येऊन रेस खाली बसली पाहिजे. पायातली मॅट पायडलखाली अडकत नाही ना, तेही बघायचं.

आणि एवढं करूनही चालत्या गाडीत रेस अडकलीच तर आधी क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिन ओरडू द्या. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप मारू नका, कारण बूस्टरच्या गाडीत रेस अडकली की ब्रेकची मदत एक-दोन दाबांतच संपते. गाडी कडेला घेतल्यावर किल्ली बंद करा. चालत्या गाडीतून किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. हे मुलाला मी बंद गाडीत बसवून तीनदा करायला लावलं. तुमच्या घरात जो पहाटे गाडी नेतो, त्याच्याकडूनही एकदा करून घ्या.