पन्नाशीत पाहिलेली वणीची जत्रा

जत्रेला जायचे तर सोबत एखादे मूल हवे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. मुलाने पाळण्यात बसायचे आणि वडीलधाऱ्यांनी खाली उभे राहून चपला, पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळायची. गेल्या साली हा नियम मोडून मी, त्रेपन्न वर्षांचा गृहस्थ, वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकटाच हिंडलो. त्या दिवसाची ही हकीगत.

निमित्त झाले ते भाचेमंडळींचे. त्यांनी मला खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणुकीच्या उद्यानात नेले आणि ‘मामा, तुम्ही इथंच बसा’ म्हणून एका बाकावर ठेवून दिले. बाकावर बसल्या बसल्या मला वॉल्ट डिस्नेची गोष्ट आठवली. मुली चक्री घोड्यांवर बसत तेव्हा हा गृहस्थ असाच बाकावर शेंगदाणे खात बसे. मुलांबरोबर आईबापांनाही मौज वाटेल अशी एखादी जागा का नसावी, हा विचार त्याला तिथेच सुचला, असे तो सांगे. पुढे १७ जुलै १९५५ रोजी त्याने अमेरिकेत डिस्नेलँड उघडले. मला उद्यान काढणे शक्य नव्हते. मी वणीचे तिकीट काढले.

वणीच का, तर आमचे मूळ गाव तिथून जवळ. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हाच म्हणत. करंजी-मारेगाववरून येणारी एस.टी. निर्गुडा नदीच्या या गावात शिरते, तेव्हा खिडकीतून एकीकडे कपाशीची उभी पऱ्हाटी आणि दुसरीकडे कोळशाचे ट्रक दिसतात. या मुलखाची संपत्ती वर पांढरी आणि खाली काळी आहे! जत्रा भरते ती माघ-फाल्गुनाच्या सुमारास. कापूस विकून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आलेले असतात आणि पुढच्या हंगामाला बैल पाहायचे असतात. म्हणून देवदर्शन, करमणूक आणि बैलबाजार असे तिन्ही योग इथे एकत्र येतात.

दर्शन घेऊन मी थेट आकाशपाळण्याकडे गेलो. माझ्या लहानपणी चार पेट्यांचा लाकडी रहाटपाळणा होता आणि तो दोन दांडगे गडी हातांनी फिरवीत. आता लोखंडी चक्र होते आणि शेजारी जनरेटर धडधडत होता. या चक्राचा थोरला पूर्वज १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरने उभा केला. त्याची उंची २६४ फूट होती, पेट्या ३६, आणि एकेका पेटीत साठ माणसे मावत. आमच्या पेटीत चौघे कसेबसे मावले असते.

“एकटेच? पोट्टे कुठी हायेत?” तिकीटवाल्याने विचारले.

“मलाच बसायचंय.”

“मंग बसा भाऊ. पन मंधातच उतरवा म्हनान, त जमनार नाही!”

पहिल्या फेरीत मी डोळे मिटले, दुसरीत उघडले आणि तिसरीत चक्क ओरडलो. शेजारच्या पेटीतल्या दोन शाळकरी मुली माझ्याकडे पाहून खिदळत होत्या. उतरल्यावर पाय लटपटत होते, पण मन कसे स्वच्छ धुतल्यासारखे झाले होते.

नंतर मौत का कुआँ पाहिला. उभ्या फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकलवाला भिंतीवरून गरगर फिरतो. वेगाने वळताना गाडी भिंतीवर जोराने दाबली जाते आणि त्या दाबामुळे चाके फळ्यांना धरून राहतात. वेग कमी झाला की पकडही सुटली. हे शास्त्र मला पाठ होते. तरीही तो कठड्यापर्यंत आला तेव्हा मीच दोन पावले मागे सरलो.

आलूबोंडा-रश्श्यावर ताव मारून दुपारी सावली शोधीत निघालो आणि बैलबाजारात पोचलो. लहानपणी मी या बाजूला कधी आलोच नव्हतो. माझी जत्रा पाळण्यापाशी सुरू होई आणि जिलबीपाशी संपे.

इथे गर्दी होती, पण गलका नव्हता. पांढरे, चपळ गवळाऊ बैल ओळीने बांधलेले. गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडून दात मोजी: दोनदाती, चारदाती, सहादाती; आठही आले की ‘जुळला’. भाव तोंडाने कोणी बोलत नव्हते. रुमालाखाली हातात हात जात, बोटे दाबली जात आणि दोन माना हलत किंवा हलत नसत.

एका म्हाताऱ्याचा सौदा माझ्यासमोर पटला. त्याने नोटा मोजून बंडीच्या खिशात घातल्या. मग तो बैलाजवळ गेला, गळ्यातला घुंगरांचा पट्टा सोडला, दुपट्ट्यात गुंडाळला आणि मागे न पाहता निघून गेला. बैल मात्र बराच वेळ त्या दिशेला मान वळवून उभा होता.

मी होतो तिथेच खाली बसलो. मी सहा-सात वर्षांचा असताना काकांबरोबर एस.टी.ने याच जत्रेला आलो होतो. बाबा आदल्या रात्रीच पायी पुढे गेले होते. दिवसभर मी पाळण्यात बसलो. संध्याकाळी बाबा भेटले. त्यांनी मला जिलबी दिली, पत्र्याचे इंजिन घेऊन दिले आणि दुपट्ट्यातून घुंगरांचा एक पट्टा काढून हातात ठेवला. तो त्यांनी माझ्यासाठी जत्रेत विकत घेतला, अशी माझी खात्री होती. परतीच्या गाडीत मी तो वणीपासून गावापर्यंत वाजवला. सगळी गाडी हसत होती. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. घरी गोठा रिकामा दिसला, तेव्हा बैल मामाच्या गावाला गेलेत असे आईने सांगितले. आणि इंजिनाच्या नादात ते मला पटलेही. पुढच्या वर्षी आमची जमीन दुसऱ्याने वाहिली. हे सारे मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होते. पण पट्टा आणि रिकामा गोठा यांची सांगड मी कधी घातलीच नव्हती.

दिवेलागणीला मी पुन्हा पाळण्यात बसलो. तिकीटवाला आता काही बोलला नाही. चक्र वर गेले तेव्हा एका बाजूला दिव्यांच्या माळा दिसल्या आणि दुसऱ्या बाजूला धुळीत बसलेले बैल. खोपोलीच्या उद्यानात मौज होती, नाही म्हणत नाही. पण तिथे कुंपणाच्या आत नुसती मौजच होती. इथे मधे भिंत नाही. एकाच मैदानात एकाचे पोर पाळण्यात बसते आणि त्याचा बाप रुमालाखाली बोटे मोजतो.

वाचकहो, सवड काढून एकदा वणीच्या जत्रेला जा. मुलांना पाळण्यात बसवा, तुम्हीही बसा, लाजू नका. मात्र उतरल्यावर त्यांचा हात धरून बैलबाजारातूनही एक चक्कर मारा.

तो घुंगरांचा पट्टा पुढे कुठे गेला, मला आठवत नाही. इंजिन मात्र आईने कितीतरी वर्षे जपून ठेवले होते.