थारा

आश्रयासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. पाऊस अडवतो तो निवारा, कोणी मोठ्या मनाने देतो तो आश्रय, अडीअडचणीला सापडतो तो आसरा. या पंक्तीत बसणारा चौथा शब्द मात्र जरा निराळा आहे, तो म्हणजे थारा. तो होकारार्थी वापरलेला क्वचितच आढळतो. घरच्यांनी थारा दिला नाही, गावात थारा मिळाला नाही, जिवाला थारा नाही. जणू भाषेला थाऱ्याची ओळख झाली ती तो नाकारला गेल्यावरच. आल्प्समधील एका दिवसाच्या पायपिटीविषयी लिहायला बसलो असता हा शब्द वारंवार आडवा येतो आहे. त्याला कारण आहे दोनशे वर्षांपूर्वीची एक कादंबरी आणि तिच्यातील एक झोपडी.

2019 सालच्या जुलै महिन्यात आम्ही फ्रान्समधील शामोनी गावाहून मॉन्तांव्हेरपर्यंत पायी गेलो. शामोनी समुद्रसपाटीपासून सुमारे 1035 मीटरवर आहे आणि मॉन्तांव्हेर 1913 मीटरवर. म्हणजे पावणेनऊशे मीटरांची चढण, रमतगमत जाणाऱ्यास तीन तास पुरतात. सह्याद्रीत राजगड-तोरणा केलेल्यांनी धास्ती घ्यावी असे त्यात काही नाही. वाट सूचिपर्णी वृक्षांच्या रानातून वळणे घेत चढते. पायाखाली मुळांचे जाळे, कडेला उन्हाचे कवडसे आणि मधूनच झाडीपलीकडून गाडीची घरघर, कारण 1909 सालापासून दातेरी रुळांवरची एक छोटी आगगाडी वीस मिनिटांत प्रवाशांना वर पोहोचवते. काइये नावाच्या जागी जुने प्रवासी विसावा घेत. तिथे आम्हीही टेकलो. सोबतचे स्नेही पेशाने अभियंते. त्यांनी घाम पुसत विचारले, “अहो, गाडी असताना ही तंगडतोड कशासाठी?” आम्ही म्हणालो, “ज्याच्या मागावर आलो आहोत, त्याच्या वेळी गाडी नव्हती.”

तो म्हणजे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन. पण त्याच्याकडे वळण्याआधी जागेची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. 1741 साली विल्यम विंडम आणि रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज येथवर चढून आले. समोरचा बर्फाचा विस्तार पाहून विंडमला वाऱ्याने खवळलेले आणि लाटांसकट क्षणात गोठलेले सरोवर आठवले. त्याच कल्पनेतून पुढे या हिमनदीला ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र, हे नाव रूढ झाले. प्रवासी वाढले, तशी पावसा-वाऱ्यात डोके टेकायला जागा हवी झाली. 1779 साली ब्लेअर नावाच्या एका इंग्रजाने येथे एक झोपडी उभारली. 1795 साली तिच्या जागी छोटीशी दगडी वास्तू आली. तिच्यावर ‘निसर्गास’ एवढेच अर्पणवचन होते, आणि तिचे नाव पडले निसर्गमंदिर. ती आजही उभी आहे. गडावरच्या देवळात पथारी टाकून रात्र काढलेल्या मराठी माणसाला देऊळ आणि मुक्कामाची जागा एकच असण्याचे नवल वाटत नाही. आम्हालाही वाटले नाही.

1816 सालच्या जुलैत मेरी, पर्सी शेली आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर मॉन्तांव्हेरला आले. मेरीला तेव्हा एकोणिसावे वर्ष चालू होते. आदल्या वर्षी, 1815 च्या एप्रिलमध्ये, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याच्या परिणामी युरोपचा तो उन्हाळा थंडीपावसातच सरला. शामोनी त्या वेळी फ्रान्समध्ये नव्हतेही. सव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राज्याचा भाग होता आणि तो फ्रान्सला जोडला गेला 1860 साली. मेरीची कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली ती 1818 च्या आरंभी.

कादंबरीच्या मध्यावर व्हिक्टर एकटाच, वाटाड्याला सोबत न घेता, पावसात मॉन्तांव्हेरला चढतो. हिमनदीवर उतरतो. ती ओलांडायला त्याला जवळजवळ दोन तास लागतात. पलीकडच्या खडकावर बसून पर्वताचे रूप न्याहाळत असताना त्याला दिसते, की एक आकृती बर्फातल्या भेगांवरून अमानुष वेगाने झेपावत येते आहे. त्यानेच घडवून टाकून दिलेला तो निनावी जीव. आजवर हे प्रकरण वाचताना आणि शिकवताना भर दिला जातो तो ‘उदात्ता’वर. एडमंड बर्कने 1757 साली भय आणि भव्यता यांची जी सांगड घातली, तिचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण मानले जाते. उत्तुंग सुळके, कडाडणारा बर्फ आणि त्यापुढे क्षुद्र माणूस. हे वाचन चुकीचे नाही. पण ते प्रकरणाच्या शेवटापर्यंत जात नाही, असे आम्हाला वाटते.

शेवटी काय होते? तो जीव आपल्या निर्मात्याला एवढेच मागतो: माझी हकिगत ऐकून घे. हवा बोचरी आहे, पाऊस पुन्हा सुरू झालेला आहे. दोघे बर्फ ओलांडून डोंगरावरच्या एका झोपडीत शिरतात. आत शेकोटी पेटते, व्हिक्टर तिच्याशी बसतो आणि मग कादंबरीचा गाभा असलेली ती प्रदीर्घ कहाणी सुरू होते. निसर्गमंदिरासारखी वास्तू पाहून आलेल्या लेखिकेला ही झोपडी सुचली असावी, असे मानणे अवाजवी ठरू नये. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सारी भव्यता दाराबाहेर राहते. आत उरतात एक बोलणारा, एक ऐकणारा आणि थोडी ऊब.

आणि त्या कहाणीचा विषयही थाराच आहे. हा जीव गावात शिरतो, तर लोक दगड मारून हुसकावतात. एका कुटुंबाच्या घराला टेकून असलेल्या खोपटात तो लपून राहतो. भिंतीच्या फटीतून पाहत भाषा शिकतो, वाचायला शिकतो. ते कुटुंबही देशोधडीला लागलेले आहे, आणि परक्या मुलखातून आलेल्या साफीला त्यांनी घरात घेतलेले आहे. तरी ज्या दिवशी तो समोर येतो, त्या दिवशी त्याला काठीने झोडपून बाहेर काढले जाते. निर्वासिताने निर्वासिताला नाकारण्याचा हा प्रसंग कादंबरीतला सर्वांत कठोर प्रसंग आहे, असे आमचे मत आहे. अखेरीस त्याच्या वाट्याला येतात हिमनद्या. बर्फातल्या गुहा हेच माझे घर, असे तो व्हिक्टरला सांगतो. आणि कारणही देतो की तेवढीच एक जागा अशी आहे, जिचा माणसाला हेवा वाटत नाही.

हे स्मरणात ठेवून आम्ही मॉन्तांव्हेरच्या कठड्याशी उभे राहिलो. खाली समुद्र नव्हता. खोल दरीच्या तळाशी दगडगोट्यांनी झाकलेला करडा पट्टा होता. 1850 च्या सुमारास बर्फ जवळजवळ या पातळीपर्यंत होता. तेव्हापासून हिमनदीचे मुख दोन किलोमीटरहून अधिक मागे हटले आहे आणि येथील पृष्ठभाग शंभर मीटरहून अधिक खाली गेला आहे. 1988 साली बांधलेला रोपवे प्रवाशांना बर्फाजवळ उतरवत असे. बर्फ खचत गेला तशा पुढच्या पायऱ्या वाढत गेल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या पाचशेच्या आसपास होत्या. कडेला सालांचे फलक होते, अमुक साली बर्फ येथवर होता असे सांगणारे. उतरताना वर्षे मागे पडत होती. पुढे 2024 साली हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा रोपवे सुरू झाला. समोरच्या द्रू शिखराच्या अंगावर फिकट ओरखडा दिसतो. 2005 साली तेथील बोनाती स्तंभ म्हणून ओळखला जाणारा कडा कोसळला. खडक बांधून ठेवणारा गोठलेपणा सैल होणे, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते.

पायऱ्यांच्या तळाशी एक गुहा होती. ती दरवर्षी बर्फात नव्याने कोरावी लागे. आत निळा उजेड, टपटपणारे पाणी आणि फोटो काढणाऱ्यांची रांग. माणसाला हेवा वाटत नाही म्हणून त्या जिवाने पत्करलेली गुहा आता तिकीट लावून दाखवली जाते. आणि ज्यांना घरे आहेत त्यांच्या उबेने ती वितळते आहे. आमचे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आता त्याला येथेही जागा नाही.” साहित्याशी विशेष संबंध नसलेल्या माणसाने केलेले याहून नेमके भाष्य आमच्या वाचनात नाही.

आल्प्समधील फ्रेंच आश्रयगृहांची एक रीत आहे. रखवालदार नसतो त्या काळात निदान एक खोली उघडी ठेवायची. येणारा कोण, कुठला, हे विचारायला तेथे कोणीही नसते; वादळात सापडलेला माणूस एवढीच त्याची ओळख. हीच रीत अलीकडे याच पर्वतराजीत कसोटीला लागली. इटलीकडून खिंडी ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांना मदत केल्याबद्दल सेद्रिक एरू या शेतकऱ्यावर खटला झाला. 6 जुलै 2018 रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने निर्णय दिला, की बंधुता हे घटनात्मक मूल्य आहे. आणि म्हणून कोणी देशात कायदेशीरपणे राहतो आहे की नाही याचा विचार न करता, माणुसकीपोटी त्याला मदत करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला आहे. त्याच निर्णयात सीमा ओलांडण्यास मदत करणे हा गुन्हा राहिला, हेही नोंदवले पाहिजे. उघड्या खोलीची रीत कायद्याच्या भाषेत आली, तरी अर्धीच आली.

वर्गात हे प्रकरण शिकवताना उदात्ताची व्याख्या जरूर लिहून द्यावी. परीक्षेत ती विचारली जाते. त्यानंतर मात्र विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारावा: त्या झोपडीत शेकोटी कोणी पेटवली? पुष्कळांना ते आठवत नाही. मजकूर उघडून पाहावा लागतो. पेटवली ती त्या निनावी जिवाने. जगात ज्याला कोणीही थारा दिला नाही, त्यानेच आपल्याला टाकून देणाऱ्याला आगीशी बसवले, आणि मग बोलायला सुरुवात केली.